शेवटच्या बाकावरचा आमेन

प्रश्न : अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावातल्या ख्रिस्ती मंडळीचा मी सेक्रेटरी आहे. साठेक कुटुंबे आहेत. रविवारची उपासना साडेनऊला सुरू होते आणि साडेबारा वाजले तरी संपत नाही. प्रार्थनेला उभा राहिलेला माणूस वीस-वीस मिनिटे बोलतो आणि त्यात पंच कमिटीतली भांडणेही येतात. तरुण संघाला कीबोर्ड-ड्रमवर नवी गाणी हवीत, वडीलधाऱ्यांना भजने. काही तरुण अन्य भाषांत (आत्म्याच्या प्रेरणेने येणाऱ्या, ऐकणाऱ्याला न कळणाऱ्या बोलांत) प्रार्थना करतात, त्यावरून दोनदा आवाज चढले. महिला मंडळाने उपासना चालवावी असे सुचवले, तर एका पंचांनी ‘स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे’ हे वचन उघडून दाखवले. त्यातच एका घरातली खासगी गोष्ट ‘प्रार्थना विनंती’ म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली. ते कुटुंब येईनासे झाले, पाठोपाठ आणखी तीन कुटुंबे शेजारच्या गावात जाऊ लागली. पाळकसाहेबांकडे पाच मंडळ्या आहेत, त्यामुळे ते महिन्यातून दोनच रविवार येतात. सुरुवात कुठून करू?

उत्तर : सेक्रेटरीसाहेब, ख्रिस्तामध्ये सलाम.

तुम्ही पाच-सहा तक्रारी लिहिल्या आहेत, पण सगळ्यांचे मूळ एकच दिसते. तुमच्याकडे बोलणारा बोलतो, गाणारा गातो, प्रार्थना करणारा प्रार्थना करतो. समोर बसलेल्याच्या पदरात काय पडले, हे कोणी पाहत नाही. ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीचे हेच झाले होते. प्रेषित पौलाने इ. स. 54-55 च्या सुमारास इफिसहून त्यांना पत्र लिहिले, तेव्हा तिथे कोणी स्वतःला पौलाचा म्हणवत होता, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा, म्हणजे पेत्राचा. प्रभुभोजनाला सधन लोक आधी जेवून घेत आणि मागून येणारे उपाशी राहत. उपासनेत एकाच वेळी अनेकजण बोलत. मंडळी मोडायला आलेली होती, आणि तरीही आत्म्याच्या दानांची, म्हणजे देवाने दिलेल्या गुणांची, कमतरता मुळीच नव्हती. वक्ते होते, गाणारे होते, आत्म्याने भरलेले होते.

त्या पत्राचा, म्हणजे बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा, चौदावा अध्याय तुम्ही आणि पंचांनी एकत्र बसून मोठ्याने वाचावा, सगळाच्या सगळा, चाळीसही वचने. त्यातल्या सोळाव्या वचनात पौल एक अगदी साधा प्रश्न विचारतो : ज्याला तुझे बोलणे कळतच नाही, तो तुझ्या उपकारस्तुतीला आमेन कसा म्हणेल? आमचा सगळा सल्ला याच प्रश्नावर उभा आहे. गीत असो, प्रार्थना असो, साक्ष असो, नोटीस असो की ग्रुपवरचा मेसेज. शेवटच्या बाकावर बसलेल्या माणसाला त्यावर समजून-उमजून, मनापासून आमेन म्हणता येईल का, हे आधी पाहायचे. येत असेल तर ते मंडळीची उन्नती करते. येत नसेल तर ते कितीही आत्मिक वाटले, तरी सर्वांपुढे बोलायचे नाही.

पहिले चार रविवार उपासनेच्या क्रमात काहीही बदलू नका. त्या चार आठवड्यांत चार वेगवेगळ्या व्यक्तींना पाळीपाळीने शेवटच्या बाकावर वही घेऊन बसवा : एक तरुण, एक वडीलधारी बाई, एक पंच आणि मंडळीत नव्याने लग्न होऊन आलेली एखादी सून. त्यांनी चारच गोष्टी लिहायच्या. कोणता भाग किती वाजता सुरू झाला आणि संपला, काय ऐकू आले नाही, कोणत्या गाण्याला निम्म्याहून कमी तोंडे हलली, आणि कोणत्या प्रार्थनेनंतरचा आमेन पडेल आला. कोण बोलले त्याचे नाव लिहायचे नाही, हे पक्के सांगा. ही वही कमिटीपुढे ठेवली की ‘आमच्या वेळी’ आणि ‘आजकालची पोरे’ ही भाषा आपोआप कमी होते, कारण बोलायला समोर ठोस गोष्ट असते. नाव लिहिले गेले, तर मात्र हीच वही पुढच्या भांडणाचे कारण होईल.

पाचव्या रविवारपासून वेळ बांधा. दीड तास पुरतो. आवाहन आणि दोन गीते 14 मिनिटे, शांततेसह पापांगीकार (पापांची कबुली) 5, स्तोत्र आणि दोन वाचने 11, एक गीत 5, संदेश (प्रवचन) 20, साक्षी 6, मंडळीची प्रार्थना 9, अर्पण आणि त्याचे गीत 7, नोटिसा 4, शेवटचे गीत आणि आशीर्वाद 6. ही 87 मिनिटे होतात. उरलेली तीन उठण्या-बसण्यात जातात. प्रभुभोजनाच्या रविवारी साक्षी ठेवू नका आणि साधारण पंचवीस मिनिटे वाढतील, हे आदल्या रविवारीच सांगा. उपासना चालवणाऱ्याने हा क्रम कागदावर लिहून गुरुवारपर्यंत गाणाऱ्यांना, वाचणाऱ्यांना आणि प्रार्थना करणाऱ्याला द्यायचा. रविवारी सकाळी दारात उभे राहून ‘आज वाचन तुम्ही करता का?’ असे विचारणे बंद झाले, तरी अर्धी उपासना सुधारते.

वाचन ही उपासनेतली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. वाचणाऱ्याने तो उतारा घरी तीन वेळा मोठ्याने वाचावा : एकदा अर्थासाठी, एकदा श्वास कुठे घ्यायचा त्यासाठी, एकदा यहोशाफाट आणि नबुखद्नेस्सर यांच्यासारख्या नावांवर जीभ अडखळू नये म्हणून. मिनिटाला शंभर-एकशेवीस शब्दांपेक्षा वेगाने वाचले, तर वयस्कर माणसाला पाठलाग करावा लागतो. आधी पुस्तक, अध्याय, वचन सांगा, पाने उलटेपर्यंत थांबा, मगच सुरुवात करा. वाचता येत नाही अशी आजी तुमच्या मंडळीत नक्की असेल. तिच्यासाठी वचन म्हणजे रविवारी कानावर पडते तेवढेच.

पाळकसाहेब नसतात त्या दोन रविवारी संदेशाचे काय, हे तुम्ही विचारले नाहीत, पण आवाज चढण्याचे एक कारण तेही असते. ज्याला संदेश द्यायचा हे ऐनवेळी ठरते, तो मनातले सगळे बोलून टाकतो. पाळकसाहेबांकडून त्या दोन रविवारांसाठी उतारा आणि दहा ओळींची रूपरेषा महिन्याच्या सुरुवातीलाच घ्या. सांगणाऱ्याने तो संदेश लिहून काढावा. वीस मिनिटांचा संदेश म्हणजे दोन ते अडीच हजार शब्द, फुलस्केपची साधारण आठ पाने. त्यापेक्षा जास्त झाले तर कापायचे. कमिटीत ज्या विषयावर वाद चालू आहे, त्या विषयावर त्या महिन्यात संदेश द्यायचा नाही, हा नियम लेखी करा. ऐकणाऱ्याला उत्तर देता येत नाही अशा जागेवरून त्याला टोमणा मारणे अन्यायाचे आहे, आणि लोक ते वर्षानुवर्षे विसरत नाहीत.

आता प्रार्थनेकडे येऊ, कारण तुमची मंडळी खरी तिथेच दुखावते आहे.

‘प्रभू, या मंडळीत काही लोक आहेत, तू त्यांची अंतःकरणे बदल’ असे वाक्य सुरू झाले की सगळ्यांना कळते कोण लोक. डोळे मिटलेले, हात जोडलेले, मधे बोलायची सोय नाही, आणि बोलणारा तर देवाशी बोलतो आहे! ज्याच्यावर ते बोट असते, त्याने आमेन कसा म्हणायचा? आणि त्याच्या बायकोने, मुलांनी? देवाला सांगण्याच्या निमित्ताने माणसाला सुनावलेली गोष्ट प्रार्थना राहत नाही. हे आम्ही कडक शब्दांत लिहितो आहोत, कारण मंडळीतून उठून कायमचे निघून जावे असे माणसाला वाटायला अशी एक प्रार्थनाही पुरते.

उपाय असा. मंडळीची प्रार्थना लिहून करायची. ‘लिहिलेली प्रार्थना आत्म्याने नसते’ असे कोणीतरी म्हणेल; स्तोत्रसंहिता ही दीडशे लिहिलेल्या प्रार्थना-गीतांचीच आहे, एवढे त्यांना सांगा. प्रार्थनेत सहा विनंत्या असाव्यात. देशासाठी आणि राज्यकर्त्यांसाठी, सार्वत्रिक (जगभरच्या) मंडळीसाठी, गावासाठी – पाऊस, पाणी, पेरणी, गावातली सगळ्या धर्मांची माणसे यांच्यासाठी – आजाऱ्यांसाठी, शोकात असलेल्यांसाठी, आणि मुलाबाळांसाठी. प्रत्येक विनंती दोन-तीन वाक्यांची. प्रत्येकीनंतर प्रार्थना करणारा म्हणेल, ‘हे प्रभू, दया कर’, आणि सगळे म्हणतील, ‘आणि आमची प्रार्थना ऐक.’ या छोट्या उत्तराने दोन गोष्टी होतात. मागच्या बाकावरचा माणूस श्रोता न राहता प्रार्थना करणारा होतो, आणि बोलणाऱ्याला थांबावे लागते. वीस मिनिटांच्या प्रार्थनेला आळा घालायला यापेक्षा सभ्य उपाय आम्हाला ठाऊक नाही.

आजाऱ्याचे नाव त्याला किंवा घरच्यांना विचारूनच घ्यायचे. नाव पुरते, आजार सांगायचा नाही. ‘अमक्या भाऊंना बरे कर’ एवढ्यावर देवाला कळते. गर्भपात, सोडचिठ्ठी, दारू, पोलीस केस, मुलीचे मोडलेले लग्न, यातले काहीही सर्वांपुढच्या प्रार्थनेत येऊ द्यायचे नाही, त्या घराने स्वतः सांगितले तरी आधी पाळकसाहेबांशी बोलायचे. ज्यांना मोकळेपणाने प्रार्थना करायची आहे, त्यांच्यासाठी बुधवारची घरोघरची प्रार्थनासभा ठेवा. तिथे आठ-दहा माणसे असतात आणि प्रत्येकाने दोन-तीन मिनिटे प्रार्थना केली तरी अर्धा तास होतो.

साक्षीलाही हीच शिस्त लागते. एका रविवारी दोनच साक्षी, प्रत्येकी तीन मिनिटे, शनिवारपर्यंत नाव दिलेले. देवाने काय केले ते सांगायचे. दुसऱ्याने काय पाप केले ते नाही. आणि ‘प्रार्थना झाली, मी गोळ्या बंद केल्या’ अशी साक्ष कधीही होऊ देऊ नका. टीबीचे, शुगरचे, फिट्सचे औषध ऐकीव साक्षीवरून मधेच सोडले, तर ऐकणाऱ्याच्या जिवावर बेतते. बरे झाल्याबद्दल देवाचे उपकार मानावेत, औषधाचे डॉक्टर ठरवतील.

नोटिसांबद्दल एकच. वर्गणी थकलेल्यांची नावे वाचून दाखवण्याची पद्धत तुमच्याकडे असेल तर ती याच महिन्यात बंद करा. खजिनदाराने पाकिटात चिठ्ठी घालून हातात द्यावी. ज्याच्या हाताला दोन महिने काम नव्हते, तो माणूस नाव वाचल्यावर पुढच्या रविवारी येत नाही, आणि आपण म्हणतो की त्याचा विश्वास थंडावला.

गाण्याचा वाद तुम्हाला वाटतो तेवढा जुना विरुद्ध नवा असा नाही. शेवटच्या बाकाला कोणते गाता येते, एवढाच तो आहे. भजनात एकाने ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी उचलायची, म्हणून पुस्तक न वाचता येणारी बाईही पूर्ण गाणे गाते. नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले आणि पुढे तुमच्याच जिल्ह्यात, नगरला राहून त्यांनी अभंग आणि भजने लिहिली, तेव्हा मराठी माणसाच्या तोंडी आधीच बसलेल्या चाली त्यांनी निवडल्या. त्यामुळे ती गाणी शंभर वर्षांनीही पाठ येतात. तरुणांच्या गाण्यातही असे काही असेल तर ते टिकेल, म्हणून ते तपासून घ्या.

तपासायचे कसे, ते पेटी वाजवणाऱ्याला समजेल अशा भाषेत सांगतो. मंडळीने एकत्र गायचे गाणे मंद्र सप्तकातल्या पांढरी सहाच्या खाली जाऊ नये आणि वर तार सप्तकातल्या पांढरी दोनच्या वर जाऊ नये. पुरुष तेच एक सप्तक खालून गातात. एवढ्या टप्प्यात बहुतेकांचा गळा त्रास न होता चालतो. भजन मध्य सा ते तार सा असेल तर षड्ज पांढरी एक किंवा काळी एक धरा. मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगमधला गायक काळी चार-पाचवर गातो आणि आपली मुले त्याच पट्टीत सुरू करतात. दुसऱ्या कडव्याला निम्मे लोक गप्प होतात ते आवडत नाही म्हणून नाही, आवाज पोचत नाही म्हणून. कीबोर्डवर पट्टी खाली घेणे हे एक बटण दाबण्याचे काम आहे.

आवाजाची परीक्षा आणखी सोपी. तिसऱ्या बाकावर उभे राहा. शेजारच्याचा आवाज ऐकू येत नसेल तर वाद्ये कमी करा. छोट्या पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या देवळात ड्रमसेटचा आवाज भिंतींवरून परत येतो आणि शब्द खाऊन टाकतो. तिथे ढोलकी किंवा तबला, पेटी आणि मंजिऱ्या पुरतात. ड्रमसेट नाताळला अंगणात जरूर वाजवा.

महिन्याला एकच नवे गाणे घ्या. पहिल्या रविवारी तरुण संघाने उपासनेआधी दहा मिनिटे सर्वांना ओळ-ओळ शिकवायचे, मग सलग चार रविवार तेच. पाचव्या रविवारी सगळे गात असतील तर ते मंडळीचे झाले, नसेल तर सोडून द्यायचे. आणि तरुण संघाने दरमहा एक जुने भजन वडीलधाऱ्यांकडून चालीसकट शिकायचे. देणे-घेणे दोन्हीकडून झाले पाहिजे, नाहीतर एक बाजू हरल्यासारखी होते.

तीन महिन्यांतून एकदा संध्याकाळी कीर्तन ठेवता आले तर अवश्य ठेवा. बोलणे आणि भक्ती एकजीव करणारा याच्याइतका चांगला मराठी प्रकार दुसरा नाही, आणि नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांना तो परका नाही. पूर्वरंगात एक वचन किंवा अभंग घेऊन निरूपण, मधे सगळ्यांचे भजन, उत्तररंगात बायबलमधले आख्यान : उधळा पुत्र, रूथ, योसेफ. दीड तासात होते. पेटीवाला, ढोलकीवाला, झांजा धरणारी पोरे, सगळ्यांना काम मिळते, आणि शेजारपाजारची ख्रिस्ती नसलेली माणसेही ओट्यावर येऊन ऐकतात.

अन्य भाषांबद्दल तुमच्या तरुणांना गप्प करू नका आणि वडीलधाऱ्यांनाही हिणवू नका. हे बाहेरून आलेले फॅड आहे असे म्हणणाऱ्यांना सांगा की पंडिता रमाबाईंच्या पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली मोठे आत्मिक जागरण झाले आणि तिथे अन्य भाषांत प्रार्थनाही झाल्या. हा आपल्या इतिहासाचाच भाग आहे. पण पौलाचा नियमही तितकाच स्पष्ट आहे : अन्य भाषांत बोलायला मना करू नका, बोलणारे दोन, फार तर तीन, एकामागून एक, आणि कोणीतरी अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्याने मंडळीत गप्प राहून स्वतःशी व देवाशी बोलावे. इतरांना शिकवण्यासाठी समजून बोललेले पाच शब्द अन्य भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा पौलाला बरे वाटतात, आणि तो स्वतः त्या सगळ्यांपेक्षा अधिक अन्य भाषांत बोलणारा होता. तेव्हा रविवारच्या उपासनेत हा नियम पाळा, बुधवारच्या सभेत मोकळीक द्या. नियम लादण्याआधी दोन्ही बाजूंना सत्तावीस आणि अठ्ठावीस ही वचने स्वतः वाचायला लावा. एका बाजूला ‘मना करू नका’ एवढेच पाठ असते, दुसऱ्या बाजूला ‘गप्प राहावे’ एवढेच.

गप्प राहण्यावरून आठवले. पंचांनी दाखवलेले वचन त्याच अध्यायातले चौतिसावे. त्यांना आदराने दोन गोष्टी दाखवा. एक, याच पत्राच्या अकराव्या अध्यायात, पाचव्या वचनात, स्त्रिया प्रार्थना करतात आणि संदेश देतात हे पौल गृहीतच धरतो. त्या वेळी डोके झाकावे की नाही एवढाच तिथला मुद्दा आहे. मग तीनच अध्यायांनी तो त्यांना सरसकट मुके कसा करील? चौतीस-पस्तीसमध्ये विषय उपासना चालू असताना प्रश्न विचारण्याचा आहे. ते घरी विचारावेत असे तो म्हणतो. दुसरे, चौदाव्या अध्यायात गप्प राहायला तिघांना सांगितले आहे : अर्थ सांगणारा नसताना अन्य भाषेत बोलणाऱ्याला, दुसऱ्याला काही प्रकट झाल्यावर आधीपासून बोलत असलेल्याला, आणि स्त्रियांना. वीस मिनिटे थांबत नाहीत त्या भाऊंना दुसरा नियम कोणी कधी वाचून दाखवला आहे का? उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे सीएनआय, स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देते. तुमची मंडळी त्यातली असेल तर वाद इथेच संपतो. दुसऱ्या कोणत्या पंथाची असेल तर तिथला नियम पाळकसाहेबांना विचारा. वाचन, मंडळीची प्रार्थना आणि गीते महिला मंडळाकडे देण्याला बहुतेक ठिकाणी कोणाचीच हरकत नसते. महिन्यातल्या एका रविवारापासून सुरुवात करा आणि क्रमाचा कागद त्यांनाही गुरुवारीच द्या.

आता देवळाबाहेरच्या जिभेबद्दल. ‘प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं’ या शब्दांनी सुरू झालेली चहाडी ही आपल्या मंडळ्यांतली सगळ्यात जुनी चहाडी आहे. व्हॉट्सॲपने तिला फक्त वेग दिला. ज्याचे दुःख आहे त्याची परवानगी घेतली होती का, एवढे विचारा. घेतली नसेल तर ती प्रार्थना विनंती नाही. याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात एकाच मुखातून स्तुती आणि शाप निघतात हे याकोब खपवून घेत नाही. रविवारी गायलेले गीत आणि सोमवारी फिरवलेला मेसेज एकाच तोंडचे असतात, म्हणून उपासना आणि ग्रुप वेगळे सुधारता येणार नाहीत.

ग्रुप बंद करू नका. मयताची वेळ, आजाऱ्याला रक्त हवे असल्याची खबर, हे तिथूनच पोचते. ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील’ ही सेटिंग लावा आणि ॲडमिन तीनच ठेवा, त्यात एक बाई असावी. प्रार्थना विनंती ॲडमिनला खासगीत द्यायची. तो त्या घरी फोन करून विचारील, मगच नावापुरती टाकील. फॉरवर्ड, राजकारण, दुसऱ्या पंथांवरची टीका आणि कोणाचेही रेकॉर्ड केलेले बोलणे, काहीही नाही. ॲडमिननेच नियम मोडला तर त्याला बदला. ते करताना ग्रुपवर लिहू नका, घरी जाऊन सांगा.

भांडणासाठी मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायातला क्रम आहे, वचने पंधरा ते सतरा. आधी तुम्ही दोघेच. ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर घ्या. तरीही नाही तर मंडळीला कळवा. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा चालतो : आधी सगळ्या गावाला कळते, मग नातेवाइकांना, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला शेवटी. म्हणून कमिटीत एक ठराव करा. कोणत्याही सभासदाविरुद्ध तक्रार आली, तर पहिला प्रश्न ‘तुम्ही त्यांच्याशी एकट्याने बोललात का?’ हाच असेल, आणि उत्तर ‘नाही’ असेल तर तक्रार वाचली जाणार नाही. अपवाद एकच : मारहाण, बाईची किंवा मुलाची छेड, पैशाची अफरातफर. तिथे पीडित माणसाला गुन्हेगारापुढे एकट्याने पाठवणे हे पाप आहे. पाळकसाहेब आणि गरज असेल तर पोलीस, लगेच.

एकट्याने बोलायला जाताना काय बोलायचे, तेही सांगतो, कारण तिथेच गाडी घसरते. ‘लोक म्हणतात’ किंवा ‘मी ऐकले’ याने सुरुवात करू नका. त्यावर समोरचा ‘कोण म्हणतो?’ एवढेच विचारत बसतो. स्वतः पाहिलेली किंवा ऐकलेली एकच गोष्ट, तारखेसह सांगा. ‘मागच्या रविवारी नोटिसा वाचताना तुम्ही माझ्या मुलाबद्दल जे बोललात, त्याचे मला वाईट वाटले.’ मग थांबा. जुने काही काढायचे नाही. घरी जा, पण जेवणाच्या वेळी नाही आणि मुलांसमोर नाही. प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी असेल तर त्याची नोटीस दोन आठवडे आधी द्या आणि त्याच नोटिशीत मत्तय पाच, तेवीस-चोवीस वाचा : वेदीपाशी दान ठेव, आधी भावाशी समेट कर, मग येऊन दान अर्पण कर. आदल्या शनिवारी पाळकसाहेब किंवा एखादे वडीलधारे जोडपे देवळात तासभर बसून राहील, ज्याला मध्यस्थ हवा त्याने यावे. पहिल्या महिन्यात कोणी आले नाही तरी ही वेळ बंद करू नका.

शेवटी, गेलेली चार कुटुंबे. ज्यांची गोष्ट ग्रुपवर फिरली, त्यांच्याकडे आधी जा, आणि बाकी काही सुधारायच्या आधी, याच आठवड्यात. तुम्ही आणि महिला मंडळातली त्या घराच्या विश्वासातली एक बाई, दोघेच. ‘परत या’ म्हणायचे नाही. ‘चूक मंडळीच्या ग्रुपवर झाली, आम्ही ती थांबवायला हवी होती, आम्हाला क्षमा करा’ एवढे सांगायचे आणि ते जे बोलतील ते मधे न बोलता ऐकायचे. मेसेज कोणी टाकला, त्याचा हेतू चांगला होता, हे त्या दिवशी मुळीच बोलायचे नाही. ज्याने टाकला त्याने स्वतंत्रपणे, त्यांनी होकार दिला तरच, येऊन क्षमा मागावी. उपासनेत त्या घराची जाहीर क्षमा मागायची का, हे त्यांनाच विचारा. पुन्हा सगळ्यांपुढे नाव येणे त्यांना नको असेल, तर ग्रुपचा नवा नियम नाव न घेता जाहीर करा, तेवढे पुरे. उरलेल्या तिघांकडे महिनाभराने जा, वेळेवर संपणाऱ्या उपासनेचा क्रमाचा कागद बरोबर न्या, आणि ते शेजारच्या मंडळीतच राहणार म्हणाले तर तिथल्या पाळकांच्या नावाने सभासदत्वाची चिठ्ठी आनंदाने द्या. ती अडवून ठेवणारी कमिटी तुमची नसावी.